पिरोगीवाल्या बायकांची टोळी

आर्लीन हुडॅक गॅरेजसमोर गवत कापायच्या मशीनचा पट्टा बदलत बसली होती, तेव्हा एक नीटनेटका माणूस गाडीतून उतरला. त्यानं तिच्या नावाची खात्री करून घेतली आणि कागदांचा एक जाडजूड गठ्ठा तिच्यापुढे धरला. तिचे हात ग्रीसनं माखलेले होते, म्हणून तिनं तो काखेत धरला आणि सवयीनं थँक्यू म्हणाली.

"सॉरी, मॅडम," तो माणूस म्हणाला आणि गाडी मागे घेऊन निघून गेला.

सॉरी कशाबद्दल, ते तिला कळेना. तिनं पट्टा बसवून घेतला, मशीन चालतंय का ते पाहिलं, मग आत जाऊन हात धुतले. तोवर तिच्या नवऱ्यानं, रेनं, चष्मा लावून गठ्ठा वाचायला घेतला होता. रे काचेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचायची त्याला खोड होती, औषधाच्या बाटलीतली चिठ्ठीसुद्धा.

"तू गुंड आहेस असं लिहिलंय," तो म्हणाला.

"कोणी?"

"कंपनीनं. तू, फर्न आणि डोलोरेस. तिघी मिळून संघटित गुन्हेगारी करता. पोस्टानं फसवणूक, फोनवरून फसवणूक, आणि खंडणी." त्यानं पान उलटलं. "अड्डा कुठे आहे माहितीय का? सेंट मायकेल चर्चचं तळघर."

आर्लीन हसली. रे हसला नाही. तो पुढचं पान वाचत होता आणि त्याचे ओठ हलत होते, आकडा मोठा असला की हलायचे तसे.

"नुकसानभरपाई मागितलीय," तो म्हणाला. "तिप्पट."

त्या कंपनीशी त्यांचं भांडण सुरू झालं त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पश्चिम पेन्सिल्व्हेनियातल्या त्या डोंगराळ भागात गॅसच्या विहिरी खणल्या जायला लागल्या, तसा विहिरींतून निघणारा चिखल आणि खारं पाणी टाकायला जागा हवी झाली. टॅनर्स फोर्क गावाच्या वर, टेकडीमागे, कंपनीनं ती जागा घेतली. आर्लीन तेव्हा शाळेची बस चालवत असे. अरुंद रस्त्यावर समोरून कंपनीचे ट्रक यायचे, वळणावर त्यांच्या मागच्या फळीतून काहीतरी ठिबकायचं, आणि हिवाळ्यातसुद्धा तेवढ्या भागातला बर्फ वितळलेला असायचा. तिनं ते टाउनशिपच्या सभेत सांगितलं. सभेनं ते टिपून घेतलं, आणि पुढे काही झालं नाही.

मग एका वसंतात डोलोरेस साबोच्या घरामागच्या ओढ्याला फेस आला. डोलोरेस विधवा, चर्चच्या स्वयंपाकघराची मालकीणच म्हणा ना. तिचं घर टेकडीच्या पायथ्याशी सगळ्यात शेवटचं. बोअरच्या पाण्याला वास यायला लागला तेव्हा तिनं ते बाटलीत भरलं आणि रविवारी चर्चमध्ये घेऊन आली. "हुंगा," असं म्हणून तिनं ती बाटली सगळ्यांच्या नाकापुढे धरली. पाद्र्यांच्यासुद्धा.

तपासणीला पैसे लागत होते. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत दर शुक्रवारी चर्चमधल्या बायका पिरोगी करून विकतच असत. मैद्याच्या पारीत बटाटा-चीजचं सारण भरायचं, उकळत्या पाण्यातून काढायचं, वर लोण्यात परतलेला कांदा. तीन तालुक्यांतून लोक यायचे. त्यातल्याच एका शुक्रवारची कमाई पाण्याच्या तपासणीसाठी ठेवली, मग दोन शुक्रवारांची. पाणी खराब असल्याचा तपासणीचा निकाल आला, तो फर्न मॅक्लिननं इंटरनेटवर टाकला आणि पत्रकं छापून घरोघर पोस्टानं पाठवली. फर्नचं गावात पार्लर होतं. जिभेला हाड नव्हतं आणि गावातल्या निम्म्या डोक्यांवर तिची कात्री फिरलेली. तिनं ट्रकवाल्या ठेकेदारालाही फोन केला होता. शाळा सुटायच्या वेळेला तुझे ट्रक आले तर आम्ही म्हाताऱ्या पिरोगीच्या पराती घेऊन रस्त्यात उभ्या राहू, असं ती त्याला म्हणाली होती. ठेकेदार हसला होता. आणि त्यानं ट्रकांची वेळ बदलली होती.

हीच ती खंडणी.

गिल्बर्ट नॉयस हा वकील चपला दुरुस्तीच्या दुकानाच्या वर बसायचा. सत्तरी ओलांडलेला, हात किंचित थरथरणारा. त्यानं सगळं वाचून ठेवलं होतं. तिघी त्याच्या टेबलासमोर एका ओळीत बसल्या, शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावल्यासारख्या.

"हा कायदा माफियासाठी केलेला आहे," नॉयस म्हणाला. "एकेका गुन्ह्याला पकडून उपयोग होत नव्हता. एक आत गेला की दुसरा यायचा. म्हणून अख्खी टोळी धरायची सोय केली. आणि सरकार पुरं पडणार नाही म्हणून ज्याचं नुकसान झालं त्यालाही दावा लावायची मुभा दिली. धंद्याचं किंवा मालमत्तेचं नुकसान झालेलं हवं. जिंकला तर तिप्पट, वर वकिलाचा खर्च."

"मग आम्ही त्यांच्यावर लावू," फर्न म्हणाली. "डोलोरेसची बोअर मालमत्ता नाही का?"

"तसा विचार करता येईल. पण त्यांनी आधी लावलाय, आणि त्यांच्याकडे वकिलांचा अख्खा मजला आहे. माझ्याकडे हा जिना आहे." नॉयसनं चष्मा पुसला. "कायद्याला नावं ठेवू नका. मी स्वतः तो वापरलाय. दूधवाल्या शेतकऱ्यांसाठी. टँकरवाल्यांनी संगनमत करून त्यांना नागवलं होतं, जो करारावर सही करत नाही त्याच्या गोठ्याला आग लागायची. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला निकाल. हत्यार चांगलंच आहे. कोणाच्या हातात पडतं तेवढाच प्रश्न."

"आमच्यात टोळी कुठे दिसली त्यांना?" डोलोरेसनं विचारलं. ती पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"कायद्यातला शब्द एंटरप्राइज. धंदा म्हणा, मंडळ म्हणा, टोळी म्हणा. कागदावर नोंदलेली असायला नको. माणसं एकत्र येतात, त्यांचा काही हेतू आहे, प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे आणि हे बराच काळ चालू आहे, एवढं दाखवलं की पुरे. मग टोळीनं निदान दोन गुन्हे केले हे दाखवायचं. तुमचं प्रत्येक पत्रक हा एक गुन्हा, असं ते म्हणतात."

"मग आमचं विणकाम मंडळ पण टोळीच," फर्न म्हणाली.

"त्यांच्या फिर्यादीत आहे ते. पान एक्केचाळीस."

नॉयसनं मग त्यांना सांगितलं, एकही संदेश पुसू नका, एकही कागद फाडू नका. आणि पुढे म्हणाला, "खटला चालू आहे तोवर तिघींनी भेटूही नका. निदान पाण्यावरून, कंपनीवरून एक शब्द नको. पिरोगी तर नकोच. तुम्ही तळघरात जमलात की टोळीचं काम अजून चालू आहे असं लिहितील. दर शुक्रवारी नवा गुन्हा."

"किती दिवस?" आर्लीननं विचारलं.

"थोडे महिने," नॉयस म्हणाला. तो मनापासून म्हणाला होता.

पहिल्या न्यायाधीशांनी दावा सुरुवातीलाच फेकून द्यावा म्हणून नॉयसनं अर्ज केला. न्यायाधीशांनी तो नाकारला. कंपनीला आपलं म्हणणं सिद्ध करायची संधी मिळायला हवी, असं त्यांचं म्हणणं पडलं. तो हिवाळा गेला, पुढचाही गेला.

चर्चमधल्या पिरोगी चालूच राहिल्या, दुसऱ्या बायका करायच्या. पीठ जाड लाटलेलं असायचं. आर्लीन शुक्रवारी रांगेत उभी राहून डबा घेऊन यायची आणि रे एक घास खाऊन म्हणायचा, "हे डोलोरेसचे बटाटे नव्हेत." सुरुवातीला तो तिला कोणाच्याही समोर 'सरदारीण' म्हणायचा. सरदारीण, कॉफी दे. सरदारीण, कुत्र्याला बाहेर ने. नंतर त्यानं ते सोडून दिलं.

फर्न आणि आर्लीन किराणा दुकानात भेटत. ठरवून नव्हे, असं दोघी म्हणायच्या. मंगळवारी सकाळी कोबीच्या ढिगाशी.

"केस पांढरे झाले तुझे," फर्न कोबीकडे बघत म्हणायची.

"कापायला कोण आहे? माझी न्हावीण गुन्हेगार आहे."

"तुझी पण नोंद आहे म्हणे पोलिसात."

"पोलिसात नाही. कोर्टात."

"तेच ते." फर्न एक कोबी उचलून परत ठेवायची. "डोलोरेस कशी आहे?"

"मला काय माहीत? मला भेटायची बंदी."

आणि खरंच माहीत नव्हतं. डोलोरेसला दुकानातल्या गमती जमायच्या नाहीत. वकिलानं भेटू नका म्हटलं तर ती भेटायची नाही. रविवारी ती मागच्या बाकावर बसायला लागली आणि शेवटचं गाणं संपायच्या आत निघून जायची. आर्लीन मान वळवून बघायची, तर तिच्या निळ्या कोटाची पाठ दारातून बाहेर पडताना दिसायची.

मग जबान्या सुरू झाल्या. आर्लीनची पाळी आली तेव्हा नॉयसनं तिला बजावलं, विचारलं तेवढंच सांग, हो नाहीतर नाही. पण सकाळपासून दुपारपर्यंत कंपनीच्या वकिलांच्या ऑफिसात एका काचेच्या खोलीत बसून ती कंटाळली होती. कंपनीचा वकील तरुण होता, अतिशय सभ्य. तिला दोनदा पाणी आणून दिलं. बाटलीबंद.

जेवणानंतर तो म्हणाला, "थोडं पिरोगींबद्दल विचारतो, मिसेस हुडॅक. माझी आजी करायची."

"कुठली आजी?"

"जॉन्सटाउनची." तो हसला. खरंच हसला असावा. "कामं वाटलेली असायची का?"

"असणारच. फर्न पीठ लाटते. मी कडा दाबून बंद करते. डोलोरेस सारण करते, कांदा तीच परतते."

"म्हणजे प्रत्येकीचं ठरलेलं काम."

"लाटणं माझ्या हातात दिलं तर चर्च बंद पडेल."

"आणि मुख्य कोण? कोणाच्या शब्दावर चालायचं?"

नॉयस खुर्चीत पुढे झाला, पण आर्लीनच्या तोंडून शब्द निघून गेले होते. ती हसत होती. कितीतरी दिवसांनी ती त्या तळघरात होती, डोळ्यांपुढे वाफ होती, डोलोरेस लाकडी चमचा घेऊन सगळ्यांना दटावत होती.

"डोलोरेस," ती म्हणाली. "ती आमची बॉस. तिला विचारल्याशिवाय तिथं मीठसुद्धा पडत नाही."

टायपिस्ट बाईनं ते टिपून घेतलं. सभ्य वकिलानं पुढचा प्रश्न विचारला.

गाडीत बसल्यावर नॉयसनं पट्टा लावला. मग म्हणाला, "ते स्वयंपाकाबद्दल विचारत नव्हते, आर्लीन."

"कळलं मला," ती म्हणाली. "बोलून झाल्यावर कळलं."

महिन्याभरात कंपनीनं फिर्याद सुधारून नव्यानं दाखल केली. आता तीत लिहिलं होतं की टोळीची प्रमुख डोलोरेस साबो ही आहे, तिच्या संमतीशिवाय काहीही होत नसे, आणि हे टोळीतल्याच आर्लीन हुडॅक हिनं शपथेवर कबूल केलं आहे. नुकसानभरपाईच्या मागणीचा सगळा रोख डोलोरेसकडे वळला. त्या तिघींत बिनकर्जाचं घर फक्त तिचं होतं. नवरा खाणीतल्या धुळीनं गेला, त्याच्या मागे मिळालेल्या पैशांतून तिनं ते सोडवलं होतं. आता त्या घरात तिची नात तिच्याजवळ राहत होती. मुलीची आई कुठे असते हे गावात कोणी विचारत नसे.

औषधाच्या दुकानाबाहेर आर्लीन गाडीत रेची वाट बघत होती, तेव्हा शेजारचं दार उघडलं आणि डोलोरेस आत येऊन बसली. तिनं दार लावून घेतलं, पर्स मांडीवर ठेवली. दोघी समोरच्या काचेतून दुकानाच्या भिंतीकडे बघत राहिल्या.

"मी गुरुवारी सही करतेय," डोलोरेस म्हणाली. "भाच्यानं दुसरा वकील बघून दिला. सही केली की मला खटल्यातून वगळतील. पैसे मागणार नाहीत."

"डोलोरेस, मी ते चेष्टेत बोलले होते."

"माहितीय मला. मी वाचलं तेव्हा मलाही हसू आलं. मीठसुद्धा पडत नाही म्हणे." ती थांबली. "पण कागदावर चेष्टा दिसत नाही गं."

"काय लिहून घेतायत?"

"आपण पाण्याबद्दल जे बोललो ते खरं नव्हतं. माझी दिशाभूल झाली. मला खेद वाटतो."

"दिशाभूल कोणी केली?"

"ते लिहिलेलं नाही. वाचणाऱ्याला कळेल."

आर्लीनच्या मनात बरंच काही आलं. नॉयस अजून लढतोय, तो म्हणतो की शेवटी आपणच जिंकू, पाणी तुझंच आहे. पण शेजारी बसलेली बाई इतकी थकलेली दिसत होती की यातलं एकही वाक्य तिच्या अंगावर टाकावंसं वाटेना. डोलोरेस पूर्वी कधी केसांच्या पिना विसरली नव्हती. आज केस कानांवर सुटलेले होते.

"रात्री मी उठून बसते," डोलोरेस म्हणाली. "पोरगी झोपलेली असते आणि मी खोल्या बघत फिरते. या वयात कुठे जाऊ मी तिला घेऊन? तू सांग. तू नको म्हणालीस तर मी सही नाही करणार."

"असं माझ्यावर टाकू नकोस."

"नाही टाकत. विचारतेय."

रे दुकानातून बाहेर आला, गाडीत डोलोरेसला बघून परत आत वळला. त्याच्या हातातली औषधाची पिशवी काचेच्या दारातून दिसत होती.

"कर सही," आर्लीन म्हणाली.

डोलोरेसनं मान डोलावली. उतरताना तिनं आर्लीनच्या दंडाला हात लावला, जेमतेम, बसमध्ये चढताना आधाराला दांडी धरावी तसा.

पंधरवड्यात तिचं निवेदन गावातल्या प्रत्येक घराच्या टपालपेटीत येऊन पडलं. गुळगुळीत कागद, वर डोलोरेसचं नाव, खाली तिची सही. "पोस्टानं पाठवलंय," रे म्हणाला. "त्यांनी पाठवलेलं चालतं वाटतं." त्यानं तो कागद शेवटपर्यंत वाचला आणि घडी घालून कचऱ्यात टाकला.

फर्ननं वकिलाची बंदी झुगारून सरळ फोन केला. "फितूर झाली ती. तिच्यासाठी केलं हे सगळं. तिच्या बोअरसाठी. माझी गिऱ्हाइकं तुटली, अर्ध्या गावाची पोरं त्या ट्रकांवर कामाला आहेत. आणि ती दिलगीर."

"मीच सही कर म्हणाले."

पलीकडे केस वाळवायचं यंत्र बंद झालं.

"मग तुम्ही दोघी बसा पिरोगी करत," फर्न म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर मंगळवारी कोबीपाशी आर्लीन एकटीच असायची.

डोलोरेस चर्चला येईनाशी झाली. कोणी म्हणे ती गाडी घेऊन पलीकडच्या गावातल्या चर्चला जाते. टाउनशिपच्या सभांना आता कोणीही जात नव्हतं. बोललं तर खटला अंगावर येतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. टेकडीमागे चिखलासाठी आणखी दोन खड्डे खणायची परवानगी कंपनीनं मागितली तेव्हा हरकती ऐकायला एका संध्याकाळी सभा ठेवली होती. आर्लीनला नॉयसनं जाऊ दिलं नाही. तिनं दुसऱ्या दिवशी ऐकलं की सभा लवकर आटोपली, कॉफी उरली आणि ओतून दिली.

निकाल लागला तेव्हा खटल्याला चौथं वर्ष संपत आलं होतं. पहिले न्यायाधीश निवृत्त झाले, त्यांच्या जागी नवीन बाई आल्या, त्यांनी सगळं पुन्हा वाचलं. नॉयस स्वतः घरी आला. तो आता काठी वापरत होता आणि दारातली पायरी चढायला त्याला वेळ लागला.

"जिंकलो," तो म्हणाला. "दुसरा शब्द सापडत नाही म्हणून हाच वापरतो."

त्यानं निकालातला थोडा भाग वाचून दाखवला. प्रयोगशाळेनं जे सांगितलं ते शेजाऱ्यांना कळवणं ही फसवणूक नव्हे. ट्रकची वेळ बदला अशी विनंती करणं, ती परातींसह केली तरी, खंडणी नव्हे. चर्चच्या तळघरात एकत्र स्वयंपाक करणाऱ्या बायकांना टोळी म्हणायला कायदा इतका ताणता येत नाही.

"हे कळायला चार वर्षं?" रे म्हणाला.

"कळायला नाही. सांगायला."

"मग आता तुमचा खर्च त्यांच्याकडून?"

नॉयसनं नकारार्थी मान हलवली. "दावा लावणारा जिंकला तर त्याला वकिलाचा खर्च मिळतो. ज्याच्यावर लावला तो जिंकला तर नाही. तसंच लिहिलंय त्यात." तो काही वेळ कॉफीत साखर ढवळत बसला. "मी ऑफिस बंद करतोय. हा शेवटचा. दूधवाल्यांच्या खटल्याची फाइल काल काढून वाचत बसलो होतो. चांगलं लिहायचो तेव्हा."

तो गेल्यावर आर्लीननं कप धुतले. आनंद व्हायला हवा होता, तो कुठेतरी असेलही, पण त्याला शोधत जायची ताकद तिच्यात नव्हती. संध्याकाळी फर्न आली. वर्षभरानंतर प्रथमच, दार न वाजवता, पूर्वीसारखी. हातात बिअरचे डबे होते.

"उद्यापासून परत सुरू," ती म्हणाली. "नवे खड्डे भरायच्या आत. पत्रकं, सभा, सगळं. आता कोर्टानं म्हटलंय आपण टोळी नाही."

"मी दमलेय, फर्न."

"मी नाही दमले? माझं दुकान अर्ध्यावर आलं."

"म्हणूनच तर. बस. बिअर पी. उद्याचं उद्या."

फर्न बसली, पण डबा उघडला नाही. "त्यांना हेच हवं होतं," ती म्हणाली. "खटला हरले तरी चालणार होतं त्यांना. तू अशी बसलेली हवी होतीस."

आर्लीनला ते खरं आहे हे माहीत होतं. फर्न थोड्या वेळानं उठली, डबे तिथेच टेबलावर ठेवून गेली.

आठवडाभर आर्लीननं काहीच केलं नाही. मग एका सकाळी ती गाडी घेऊन टेकडीच्या पायथ्याशी गेली. डोलोरेस व्हरांड्यात खुर्चीवर बसून नातीचा शाळेचा स्कर्ट शिवत होती. तिनं सुई कापडात खोचली आणि वर पाहिलं.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "बरं झालं. खरंच बरं झालं."

"तुझं पण सुटलं की आता. खटलाच नाही राहिला."

"माझा खटला वेगळा मिटला, आर्लीन. त्या निकालात मी नाही." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. औषधाची वेळ सांगावी तशी ती सांगत होती. "मी लिहून दिलंय. कंपनीबद्दल, पाण्याबद्दल, मरेपर्यंत काही बोलायचं नाही. कोणाकडे तक्रार करायची नाही. केली तर घर जाईल. तुम्ही लढलात, तुम्हाला आता हवं ते बोलता येतं. मला नाही."

आर्लीन पायरीवर बसली. हा विचार तिच्या डोक्यातच आला नव्हता. ओढ्याच्या बाजूनं वास येत होता, गोडसर, पेट्रोलपंपावर येतो त्याच्या जवळपासचा. व्हरांड्याच्या कोपऱ्यात विकतच्या पाण्याचे मोठे कॅन रांगेनं ठेवलेले होते.

"अजून..." आर्लीननं नळाकडे हात केला.

डोलोरेसनं तिच्याकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं आणि पुन्हा स्कर्ट हातात घेतला.

"तू मला मीठसुद्धा टाकू देत नव्हतीस," आर्लीन म्हणाली.

"कारण तू मूठभर टाकायचीस." डोलोरेसच्या ओठांच्या कडा हलल्या, हसण्याइतक्या नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मी आत कांदा चिरायला जातेय. बाहेरचा नळ उघडाच असतो. माझ्या अंगणात येऊन कोणी हात धुतले तर मी थोडीच बघायला येते?"

ती उठून आत गेली. जाळीचं दार तिच्यामागे बंद झालं आणि चाकूचा आवाज सुरू झाला, सावकाश, एकसारखा.

आर्लीन गाडीपर्यंत गेली. मागच्या सीटखाली रेनं प्यालेल्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या होत्या. त्या तपासणीला चालत नाहीत, प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली लागते, हे तिला पाठ होतं. म्हणजे शहरात जाऊन बाटल्या आणायच्या, परत इथं यायचं, भरायच्या, परत शहरात. मग निकालाची वाट. मग सभा. नवा वकील शोधायचा, कारण नॉयसनं आता ऑफिस बंद केलं. आणि फर्नकडे जाऊन तिची बोलणी खायची, ती ऐकून घ्यायची, कारण लिहायचं काम तिच्याशिवाय कोणाला जमणार नव्हतं.

ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. पाठ दुखत होती. घरातून परतलेल्या कांद्याचा वास यायला लागला आणि तिला भूक लागली आहे हे लक्षात आलं, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. आत जावं का, असं तिच्या मनात आलं. डोलोरेस ताट नक्की वाढेल. पण मग बोलावं लागलं असतं, आणि कशाबद्दल बोलायचं नाही हे दोघींना सतत सांभाळावं लागलं असतं.

तिनं गाडी सुरू केली आणि रस्त्याला लागून शहराच्या दिशेनं वळवली. वळणावर समोरून ट्रक आला. तिनं गाडी कडेला घेतली, तो जाऊ दिला, आणि मग पुढे निघाली.